मावशीचा जाब

तमाशातली बाई शोधायला निघालेले समीक्षक बहुधा वगापाशी, म्हणजे खेळातल्या कथानाट्यापाशी थांबतात. तिथे पतिव्रतेवर आळ येतो, ती सत्त्वपरीक्षा देते आणि अखेर राजा तिचा स्वीकार करतो. मग तमाशा पुरुषसत्तेचीच री ओढतो, असा निकाल लागतो. अशा वगांपुरता तो मला मान्य आहे. पण जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत देवाचा छबिना उरकल्यावर पारंपरिक खेळ उभा राहतो, तो वगाने सुरू होत नाही. आधी गण, मग गौळण. बाईपणाविषयी तमाशाला जे म्हणायचं आहे, ते या गौळणीत आहे.

गणात गणपतीला आवाहन होतं. (याच जुन्नर तालुक्यात लेण्याद्रीचा गणपती आईच्या नावाने, गिरिजात्मज म्हणून पुजला जातो.) या आवाहनाने बोर्ड, म्हणजे रंगमंच, देवाचा होतो आणि पुढच्या धीट बोलण्याला आडोसा मिळतो. गौळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाट अडवून दाण, म्हणजे वाटेचा कर मागतात. भक्तीचा पडदा किंचित सारला, की कष्ट बाईचे, माल बाईचा आणि वाटेवर वसुलीला बसलेला पुरुष, एवढंच उरतं. त्याच्याशी हुज्जत घालते मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. तू कोण, कुठला, दाण कसलं मागतोस, असा देवालाच ती भरसभेत जाब विचारते.

मावशीच्या मुरकण्याला पुरुष हसतात, म्हणजे टिंगल बाईचीच होते, असा आक्षेप आहे. काही मावश्या तेवढंच करतात, हे खरंच. पण गौळण रंगते तेव्हा फजिती पेंद्याची होते. शिवाय पवळा हिवरगावकरसारख्या बायका बोर्डावर येण्याआधी स्त्रीभूमिका नाच्या पोरे करत. बायका आल्यावर ती गरज संपली, तरी मावशी पुरुषाकडेच राहिली. नारायणगावच्या विठाबाईंनी (१९३५–२००२) स्वतःचा फड चालवला, राष्ट्रपतींकडून गौरव मिळवला, तरी गौळणीची ही वाटणी बदलली नाही. माझ्या मते यात गौळणीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही आहेत: सभेला बाईचा प्रश्न चालतो, तो बाईच्या तोंडून मात्र चालत नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला नाच्या झालेला गुणा इथे कुणी पुढे करील; लुगड्याशी नातं जोडलेल्या पुरुषाला गाव काय भोगायला लावतं, ते त्या कादंबरीत आहेच. पण नाच्या आणि मावशी एक नव्हेत. नाच्या पुरुषांच्या नजरेत अडकतो. प्रौढ मावशी त्या नजरेबाहेर उभी असते, म्हणून तिला तोंड उघडता येतं.

नारायणगावच्या राहुट्यांत आजही गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला येतात. फड जगतो आहे, याचा आनंद आहेच. पण चित्रपटगीतांची रंगबाजी वाढली तशी गौळण आखडत गेली. डोक्यावर मडकी येतात, दोन गिरक्या होतात, कृष्ण हसतो आणि वाट मोकळी होते. दाण का द्यायचं, हे विचारायला मावशीला वेळच उरत नाही.