मोजण्याआधी ऐकणे : पदवीस्तरावरील मानसशास्त्रातील संशोधनपद्धतीच्या अध्यापनाची चिकित्सा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हा पर्याय उपलब्ध झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास तो घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. याच सुमारास एम. फिल. ही पदवी बंद झाली. म्हणजे प्रस्तुत लेखकास जे पदव्युत्तर शिक्षणानंतर, तेही अडखळत, उमगले, ते आता वयाच्या एकविसाव्या वर्षी अपेक्षित आहे. या अपेक्षेविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती पहिल्या तीन वर्षांत आपण प्राध्यापक मंडळी विद्यार्थ्यांची जी तयारी करून घेतो तिच्याविषयी.

ही तयारी सर्वांच्या परिचयाची आहे. प्रात्यक्षिकात म्युलर-लायर भ्रम, आरशातील रेखाटन, अर्थहीन शब्दांशांचे स्मरण. नोंदवहीत मागील वर्षीच्या नोंदवहीवरून उतरविलेला निष्कर्ष. बहिःस्थ परीक्षकांची स्वाक्षरी. प्रकल्पाचेही तसेच. आग्र्याहून मागविलेली छापील चाचणी, तीस मुले, तीस मुली, टी-मूल्य, ०.०५ ची सार्थकता पातळी आणि परिकल्पना स्वीकारली किंवा त्यागली असे एक वाक्य. पुढील वर्षी मुले-मुली यांच्या जागी ग्रामीण-शहरी येतात, बाकी प्रकल्प तोच राहतो. येथे दोष आकडेमोडीचा नाही. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने प्रमाण विचलन काढले आहे, त्याला माणसामाणसांतील फरक म्हणजे काय हे संगणकावर कळ दाबणाऱ्यापेक्षा अधिक कळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोष असा की, काय मोजायचे हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे येतच नाही. तो चाचणीच्या प्रकाशकाने आधीच सोडवून दिलेला असतो.

वडीगोद्री परिसरात हा प्रश्न टाळता येत नाही. अंकुशनगरचा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. हंगामात या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि याच तालुक्यातून काही कुटुंबे बाहेरही जातात. ऊसतोड मजुरांच्या ताणावर प्रकल्प करावा असे आमच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ठरविले. चाचणीच्या पहिल्याच पानावर व्यवसाय आणि वैयक्तिक मासिक उत्पन्न असे दोन रकाने होते आणि काम तेथेच अडले. ऊसतोडीत हिशेबाचे एकक माणूस नसून कोयता असतो, आणि एक कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या श्रमावर, आणि ती फिटते हंगामभराच्या तोडणीतून. तेव्हा 'वैयक्तिक' आणि 'मासिक' हे दोन्ही शब्द निरर्थक ठरतात. विद्यार्थ्यांनी मात्र स्त्रियांच्या अर्जांवर व्यवसाय गृहिणी, उत्पन्न शून्य असे लिहून आणले. पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी स्त्री आमच्या तक्त्यात बेकार ठरली. कार्यात्मक व्याख्येवर आधी घेतलेल्या तीन व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते या एका चुकीने साधले.

याचा अर्थ संख्या गौण आहे असा नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे सुमारे १७ टक्के. हा आकडा येईपर्यंत विषय कुजबुजीचा होता. परंतु तो निर्णय कोणी घेतला, खाड्याच्या धाकाचा त्यात किती वाटा होता, डॉक्टरांनी कोणते भय घातले आणि आता ती स्त्री त्या निर्णयाकडे कसे पाहते, हे त्या आकड्यात नाही. ते तिच्या शेजारी बसल्याशिवाय मिळणार नाही. दोन्ही पद्धती एकाच प्रश्नाच्या पोटी जन्मतात, आणि आपण त्या दोन स्वतंत्र घटकांत, दोन स्वतंत्र सत्रांत शिकवितो.

या दोहोंना जोडण्याचे उत्तम उदाहरण विक्रम पटेल यांच्या झिंबाब्वेमधील कामात आहे. तेथील शोना भाषिक रुग्ण आपल्या दुःखाला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, असे म्हणत. रुग्णांच्या आणि पारंपरिक उपचारकांच्या अशा बोलीतून चौदा प्रश्नांची शोना लक्षण प्रश्नावली सिद्ध झाली, ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी ऐकणे, मग मोजणे, असा हा क्रम आहे. आमच्या भागातही 'लई इचार येत्यात' असे बायका सांगतात. आम्ही मात्र त्यांच्यापुढे 'खिन्नता' हा शब्द ठेवतो आणि उत्तर येत नाही म्हणून विश्वसनीयता गुणांक कमी आला असे नोंदवितो. मराठी मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर करून व्ही. व्ही. कामत यांनी त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला होता, हे येथे आठवते. साधन आपल्या भाषेत घडविण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही.

सर्वात गंभीर बाब नीतीची आहे. विषादाच्या मापनासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची सूची विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे, कारण ती लहान आणि विनामूल्य आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या व स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाड्यात एकोणीस वर्षांची मुलगी एखाद्या वस्तीवर जाऊन हा प्रश्न विचारते, समोरची व्यक्ती 'जवळजवळ रोज' असे उत्तर देते, आणि मुलगी तीन गुण लिहून पुढील घराकडे वळते. आमच्याकडे हे घडले आहे. उत्तर मिळाल्यावर काय करायचे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते आणि ती जबाबदारी मार्गदर्शक म्हणून माझी होती. त्यानंतर आरोग्य केंद्राशी बोलणे झाल्याखेरीज आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तोंडपाठ असल्याखेरीज आम्ही कोणालाही ती सूची देत नाही. 'प्रयोज्य' ही आपली पारिभाषिक संज्ञा मला आताशा खटकते.

गुणात्मक पद्धतीचे अध्यापनही निर्दोष नाही. गणितास घाबरणाऱ्यांची सोयीची वाट, अशी तिची प्रतिमा आपणच निर्माण केली आहे. चार मुलाखती, त्यांतील आवडलेली वाक्ये आणि खाली विषयसूत्र विश्लेषण असे शीर्षक, एवढ्याने ते विश्लेषण होत नाही. संकेतन कोणी केले, दुसऱ्याने केले असते तर तेच निघाले असते का, न जुळणाऱ्या मुलाखतीचे काय केले, हे विचारले पाहिजे. मुलाखतकार कोण होता हेही. आरक्षणाच्या प्रश्नावर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत आणि २०२४ मध्ये वडीगोद्रीत उपोषणे झाली. त्या काळात विद्यार्थ्याने आडनाव सांगताच समोरच्याची उत्तरे बदलत, हे आम्ही पाहिले. ही नोंद प्रकल्पात यावयास हवी होती. ती 'वस्तुनिष्ठता' राखण्यासाठी गाळली गेली.

वाचनासाठी मी अलीकडे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमधील विश्राम या उपक्रमाचा २०१७ मधील अहवाल वर्गात देतो. विषादग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे त्यात आढळले. विद्यार्थी आनंदतात. मग कोणीतरी विचारते की, तुलनेसाठी दुसरी गावे कोठे आहेत? ती नव्हती. या उपक्रमाचे श्रेय कितपत मानायचे यावर तास संपेपर्यंत वाद चालतो, आणि त्या वादासाठी टी-मूल्य काढावे लागत नाही.

अडचणी आहेतच. विभागात एक पूर्णवेळ शिक्षक, दुसरा तासिका तत्त्वावर, आणि हंगामात निम्मा वर्ग शेतावर. म्हणून यंदा एवढेच ठरविले आहे की, तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक गटाने आधी दहा माणसांशी बोलावे, त्यांच्याच शब्दांत बारा विधाने तयार करावीत आणि ती साठ जणांना द्यावीत. छापील चाचण्यांची मागणी या वर्षी पाठविलेली नाही. बहिःस्थ परीक्षक काय म्हणतील, हे मार्चमध्ये कळेल.