अर्धविराम आणि अपसारणचिन्ह : जोडणीचे उत्तरदायित्व

इंग्रजी गद्याच्या शैलीविचारात अर्धविराम (सेमिकोलन) आणि अपसारणचिन्ह (डॅश) यांच्यातील निवड ही सामान्यतः लेखकाच्या स्वभावधर्माची बाब मानली जाते. अर्धविराम वापरणारा लेखक संयमी, तर्कनिष्ठ. अपसारणचिन्हे वापरणारा उत्स्फूर्त, भावनाशील, प्रसंगी विस्कळीत, अशी ही विभागणी आहे. तिच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत. पहिले असे, की विरामचिन्हे मुख्यतः विरामाची लांबी दाखवतात. दुसरे असे, की छापील संहितेत दिसणारे चिन्ह लेखकानेच योजलेले असते. शैलीवैज्ञानिक विश्लेषणाचा बराच डोलारा या गृहीतकांवर उभा असल्याने ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या गृहीतकाचा ठळक आविष्कार लिंडली मरे याच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात आढळतो. स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम आणि त्याच्याही दुप्पट पूर्णविराम, अशी मात्रागणनेसारखी व्यवस्था तेथे आहे. या सोपानात अपसारणचिन्हाला स्थान नाही. ते घाईने आणि असंबद्ध लिहिणाऱ्यांच्या हातून अनेकदा अनुचितपणे वापरले जाते, असा शेरा मात्र त्याच्या वाट्याला येतो. म्हणजे दोन चिन्हांमधील भेद हा आरंभीच सभ्य आणि असभ्य लेखनातील भेद म्हणून मांडला गेला.

वस्तुतः हा भेद कालावधीचा नसून संबंधाचा आहे. ‘दार उघडे होते; आत कोणी नव्हते’ या वाक्यात दोन विधाने समान दर्जाची आहेत, प्रत्येक स्वयंपूर्ण आहे, आणि त्यांच्यात काही नाते आहे याची हमी लेखक देतो. नाते कोणते, हे तो सांगत नाही. पण ते आहे, हे तो निश्चित करतो. ‘दार उघडे होते – आत कोणी नव्हते’ असे लिहिताच ही हमी नाहीशी होते. दुसरे विधान पहिल्याचे स्पष्टीकरण असेल, त्याला दिलेला धक्का असेल किंवा पहिला विचार अर्धवट टाकून घेतलेले वळणही असेल. जोडणीचे उत्तरदायित्व येथे वाचकाकडे जाते. म्हणूनच एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणे ही केवळ साफसफाई नसते. ते अर्थनिर्णयन असते.

दुसरे गृहीतक छपाईच्या इतिहासापुढे टिकत नाही. अर्धविराम हे चिन्हच मुद्रणालयात रूढ झाले: व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १४९६ मध्ये छापलेल्या बेम्बोच्या एटना पर्वतावरील ग्रंथात ते प्रथम दिसते. इंग्लंडमध्ये हस्तलिखितातील विरामचिन्हे दुरुस्त करणे हे खिळे जुळवणाऱ्याचे कर्तव्यच मानले जाई. जोसेफ मॉक्सनच्या १६८३-८४ च्या मुद्रणविषयक ग्रंथात तसा स्पष्ट निर्देश आहे. हाताने लिहिताना रेघ सहज ओढली जाते आणि मुद्रणालयात तिची शिस्तबद्ध चिन्हांत वाटणी होते. याला ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ (१७५९-६७) सारखे अपवाद आहेत. तेथे स्टर्नने वेगवेगळ्या लांबीच्या रेघांनाच रचनातत्त्व बनविले.

जेन ऑस्टिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिच्या प्रकाशित कादंबऱ्यांपैकी केवळ ‘पर्स्वेजन’च्या दोन प्रकरणांचे हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यात अपसारणचिन्हांची रेलचेल आहे. तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस आलेल्या छापील प्रतीत मात्र सुघटित, अर्धविरामांनी तोललेली वाक्ये आहेत. कॅथरिन सदरलँड यांनी २०१० मध्ये या तफावतीकडे लक्ष वेधून प्रकाशक जॉन मरे यांचे सल्लागार विल्यम गिफर्ड यांच्या संस्काराची शक्यता मांडली. इतर अभ्यासकांनी ही तत्कालीन मुद्रणालयाची नित्याची प्रक्रिया असल्याचे म्हटले. वाद कसाही सुटो. ज्या समतोलाला आपण ‘ऑस्टिनची शैली’ म्हणतो, त्याचा काही अंश तरी परक्या हाताचा आहे, एवढे मान्य करावे लागते.

एमिली डिकिन्सनच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. तिच्या मृत्यूनंतर (१८८६) मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी १८९० मध्ये तिच्या कवितांचा पहिला संग्रह काढला, तेव्हा तिच्या असंख्य रेघांच्या जागी स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम आले. कवितांना शीर्षकेही मिळाली. टॉमस एच. जॉन्सन यांच्या १९५५ च्या तीन खंडांच्या आवृत्तीने त्या रेघा परत आणल्या. या दोन आवृत्त्यांतून दोन भिन्न कवयित्री उभ्या राहतात. पहिलीत श्रद्धा आणि शंका ही एकमेकींशेजारी नीट मांडलेली विधाने होतात. दुसरीत शंका श्रद्धेच्या उच्चारातच शिरते, आणि तिचे पुढे काय झाले हे कविता सांगत नाही.

तथापि रेघेला सर्वस्वी हेतुपुरस्सर मानणेही धोक्याचे आहे. आर. डब्ल्यू. फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की डिकिन्सन पाककृती उतरवून घेतानाही अशाच रेघा ओढीत असे. मग ती काव्यात्म युक्ती की हस्ताक्षराची लकब? शिवाय मूळ रेघा लांबी, उंची आणि कल यांत एकसारख्या नाहीत. छपाईतील अपसारणचिन्ह त्यांना एकरूप करते. म्हणजे जॉन्सन यांची आवृत्तीही एक भाषांतरच आहे. परंतु या आक्षेपाने टॉड-हिगिन्सन यांचा अर्धविराम समर्थनीय ठरत नाही. लकबीतून आलेली रेघही संबंध अनिश्चित ठेवते. अर्धविराम तो निश्चित करतो. हेतू सिद्ध झाला नाही, तरी परिणामातील फरक उरतोच.

याचा अर्थ अर्धविराम हे केवळ दमनाचे साधन आहे, असा नव्हे. व्हर्जिनिया वूल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’त (१९२५) रस्त्यावरचा आवाज, जुनी आठवण आणि क्षणाची संवेदना अर्धविरामांनी ओवल्या जातात. त्यानंतर येणारा अंश पुष्कळदा पूर्ण वाक्यही नसतो; मरेप्रणीत व्याकरणाला तो चकवतो. श्रेणी न लावता सर्व अनुभव एका पातळीवर धरून ठेवण्याची शक्ती येथे चिन्हाला प्राप्त होते. १९१७ पासून वूल्फ दांपत्याचे स्वतःचे हॉगार्थ प्रेस होते, ही गोष्ट गौण नाही. चिन्हावरचा अधिकार बव्हंशी लेखिकेकडे असल्याने या अर्धविरामाचे विश्लेषण अधिक विश्वासाने करता येते. अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न म्हणजे शैलीविचाराची पूर्वअट आहे.

मराठी अभ्यासकाला या प्रश्नाकडे परस्थ म्हणून पाहता येणार नाही. थॉमस कँडी यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तकाने इंग्रजीतील व्यवस्था मराठीत रुजविण्यास साहाय्य केले, आणि आपण स्वीकारलेल्या ‘अर्धविराम’ या संज्ञेत कालमापनाची तीच कल्पना आहे. ‘अपसारण’ या शब्दात मात्र दूर सरण्याची क्रिया सूचित होते; ती नकळत अधिक अचूक आहे. इंग्रजी संहितेचे मराठी भाषांतर करताना अर्धविरामाच्या वा रेघेच्या जागी ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’ घालण्याचा मोह होतो, किंवा ‘येऊन’, ‘पाहून’ अशा धातुसाधितांनी वाक्य एकजीव केले जाते. मराठी त्याने प्रवाही होते. पण जे नाते मूळ लेखकाने मोकळे ठेवले, ते आपण बंद करतो. टॉड आणि हिगिन्सन यांनीही वाचकाच्या सोयीसाठीच तसे केले होते.

तेव्हा चिन्हांवरून लेखकाचा स्वभाव वाचण्यापूर्वी दोन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल: हे चिन्ह कोणत्या आवृत्तीतले आणि कोणाच्या हातचे आहे, आणि दोन विधाने जोडण्याचे काम ते लेखकाकडे ठेवते की वाचकाकडे सोपवते? डिकिन्सनची कविता पाठ्यपुस्तकातील संकलनातून शिकवताना १८९० ची संहिता समोर आहे की १९५५ नंतरची, हे सांगितले नाही, तर विद्यार्थी संपादकाच्या निर्णयाला कवयित्रीची संवेदना समजून बसेल, आणि त्या चुकीच्या पायावर रचलेले विश्लेषण कितीही सूक्ष्म असले तरी ते दुसऱ्याच कोणाच्या शैलीचे असेल.