शून्य गुणाचा अर्थ : लिंगताठरता-प्रश्नावलीचे एक परीक्षण

लिंगताठरतेच्या दोषाचे मापन करणारी 'आंतरराष्ट्रीय लिंगताठरता निर्देशांक' ही पंधरा प्रश्नांची प्रश्नावली रेमंड रोझेन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिची जडणघडण सिल्डेनाफिल या औषधाच्या चाचण्यांबरोबर झाली, ही गोष्ट तिचे मूल्यमापन करताना नजरेआड करता येत नाही. रोगी संकोचापोटी जे तोंडाने बोलत नाही ते कागदावर खूण करून सांगू शकतो, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

प्रश्न गेल्या चार आठवड्यांपुरते असतात. ताठरतेविषयीच्या सहा प्रश्नांना मिळून ३० गुण; २६ व त्यावर दोष नाही, १० व त्याखाली दोष तीव्र, असे मानले जाते. परंतु या सहांपैकी पाच प्रश्नांत 'जवळजवळ कधीच जमले नाही' अशा आशयाच्या उत्तराला एक गुण आहे, आणि 'लैंगिक क्रिया घडली नाही' अथवा 'प्रयत्न केला नाही' याला शून्य! म्हणजे प्रसंगाचा अभाव हा अक्षमतेहूनही खालच्या पायरीवर बसविला गेला आहे. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेलेली असून त्या महिन्यात कोणतीही लैंगिक क्रिया न घडलेला निरोगी पुरुष घ्यावा. आत्मविश्वासाच्या सहाव्या प्रश्नाला त्याने पूर्ण पाच गुण दिले, तरी त्याची बेरीज पाचच. तो तीव्र दोषाचा रोगी ठरतो. पत्नी परतल्यावर तोच २८ गुण मिळवील, आणि मधल्या काळात एखादे औषध दिले गेले असल्यास यश त्या औषधाच्या पदरात पडेल.

मूळ चाचण्यांत स्थिर वैवाहिक वा तत्सम संबंध असलेलेच पुरुष घेतलेले होते, शिवाय तुलनेसाठी औषधविरहित गट होता. त्यामुळे तेथे हा दोष फारसा जाणवला नसावा. चिकित्सालयात एकट्या रोग्याची प्रगती पाहताना हे दोन्ही आधार नसतात. २०११ मध्ये रोझेनप्रभृतींनी सरासरी ४ गुणांची वाढ अर्थपूर्ण ठरविली. एखाद-दुसऱ्या शून्याच्या जागी खरे उत्तर आले की तेवढी वाढ सहज होते.

१९९९ ची पाच प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती निदानासाठी सोयीची खरी. मात्र ती मागील सहा महिन्यांविषयी विचारते. एका महिन्याच्या उपचारानंतर ती भरून घेतल्यास उत्तरांत उपचारापूर्वीचेच पाच महिने बोलतात. तरीही ती प्रगती पाहण्यासाठी सर्रास दिली जाते.

शून्याची उत्तरे बेरजेत न मिळविता निराळी नोंदवावीत, आणि प्रसंग का आला नाही हे रोग्यास तोंडी विचारावे. भीतीने टाळलेला प्रसंग आणि परिस्थितीने न आलेला प्रसंग यांतील भेद आजच्या बेरजेत कोठेच उमटत नाही.