‘शेतकऱ्यांसाठी’ लिहून बघा

यूआय डिझाईनसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावर यूट्यूबवर तुलनांचे ढीग पडले आहेत. त्यातल्या बहुतेकांत स्क्रीनवर इंग्रजी असतं, नाहीतर ‘लोरेम इप्सम’ हा कुणालाच न कळणारा भरणा. मी नाकाडोंगरीत बसून धान खरेदीच्या नोंदींसाठी एका ॲपचे स्क्रीन आखतोय. माझी परीक्षा एका शब्दापासून सुरू होते: ‘शेतकऱ्यांसाठी’.

यातल्या ‘ऱ्या’कडे नीट बघा. तो अर्धा र पापणीसारखा य ला चिकटतो. त्याच्याऐवजी डोक्यावर रफार चढला की ‘शेतकर्यांसाठी’ होतं, आणि ते मराठी नाही. ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ कोकणात. हिंदीला हा पापणीचा र लागत नाही. त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कीबोर्डवर किंवा फॉन्टमध्ये तो हमखास निसटतो. ल आणि श यांचंही तसंच. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल ला उजवीकडे काना. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. मध्य प्रदेशाची हद्द आमच्या इतकी जवळ आहे की दोन्ही ल रोजच नजरेला पडतात. दोन्ही वाचता येतात, हे खरं. पण एकाच स्क्रीनवर दोन्ही दिसले की ॲप उसनवारीचं वाटतं.

आता सॉफ्टवेअर. फोटोशॉपमध्ये कित्येक वर्षं भारतीय लिपींसाठीचा वेगळा पर्याय चालू केल्याशिवाय पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसायची आणि जोडाक्षरं सुटी पडायची. तसंही यूआयसाठी आता ते फार कुणी उघडत नाही. स्केच २०१० मध्ये आलं, पण त्यात डिझाईन करायला मॅक लागतो. आमच्यापुरता विषय तिथेच संपला.

फिग्मा २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे संगणक कोणताही असो. त्याची मनापासून स्तुती करायची तर २०१९ मध्ये आलेल्या ‘ऑटो लेआउट’साठी. मजकूर वाढला की बटण आपोआप रुंद होतं. इंग्रजी साच्यात मराठी बसवताना याची किंमत कळते: ‘सेव्ह’च्या मापाचं बटण ‘जतन करा’ला कसंबसं पुरतं, ‘नोंदणी क्रमांक विसरलात?’ला अजिबात नाही. ओळींमधलं अंतर मात्र स्वतःच बघावं लागतं. वरच्या ओळीत ‘कुटुंब’ आणि खालच्या ओळीत ‘वर्षांत’ आलं, की उकार खाली उतरतो, रफार आणि अनुस्वार वर चढतात आणि दोघांची टक्कर होते. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर देवनागरीला घट्ट होतं. तुलनेच्या व्हिडिओत हे कधीच दिसणार नाही.

माझी खरी तक्रार फाईलबद्दल आहे. फिग्माची फाईल कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि तिचा साचा बंद आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲडोबीने ही कंपनी २००० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांच्या हरकतींनंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार मोडला. त्याच २०२३ मध्ये ॲडोबीने स्वतःचं एक्सडी सुटं विकणं थांबवलं. ज्यांनी एक्सडीवर हात बसवला होता, त्यांनी काय करायचं? मराठीला हा प्रश्न जुना आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर आज फोनवर पेस्ट केला तर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. कितीतरी दिवाळी अंकांच्या फाईली अशाच मुक्या पडून आहेत.

म्हणून पेनपॉट. स्पेनच्या कॅलेडोसने ते मुक्त स्रोत ठेवलंय, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं आणि ते एसव्हीजी, सीएसएस अशा वेबच्या खुल्या मानकांवर उभं आहे. फिग्माइतकं गुळगुळीत ते नाही. स्क्रीन वाढले की माझ्या लॅपटॉपवर रेंगाळतं. नेट गेलं की इंकस्केप: २००३ पासूनचं, फुकट, जुन्या यंत्रावर चालणारं, आणि त्यात जोडाक्षरं नीट जुळतात. आयकॉन मी त्यातच काढतो. मात्र स्क्रीनला स्क्रीन जोडून चालतं ॲप दाखवायला ते उपयोगाचं नाही. टीमबरोबरचं काम असेल तर फिग्मा, कारण सगळे तिथेच असतात. स्वतःचं काम पेनपॉटमध्ये.

फॉन्टला मात्र पैसे घालू नका. एक टाईपचा ‘मुक्त’ गुगल फॉन्ट्सवर मोफत आहे. विंडोजवरचा ‘मंगल’ कवी र. कृ. जोशींनी घडवलेला, पण मला तो छोट्या स्क्रीनवर फिका वाटतो.

सॉफ्टवेअर उतरवलं की आधी ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘तऱ्हा’, ‘कुटुंब’, ‘वर्षांत’ एवढं लिहा. मग फाईल एसव्हीजीमध्ये काढा, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि त्या शब्दावर क्लिक करा. अजून खोडून नव्याने लिहिता येतोय, की त्याचं नुसतं चित्र झालंय?