बेणारेचे स्वगत आणि मसामाईचे मौन

मराठी समीक्षेने लीला बेणारेसाठी पुष्कळ अश्रू ढाळले आहेत. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगमंचावर आले, तेव्हापासून त्या नाटकावर जे लिहिले गेले त्यात पांढरपेशा समाजाची क्रूरता, पुरुषांचा भेकडपणा, एकट्या बाईची घुसमट हे सारे आले. पण एक साधा प्रश्न मी फारसा कुठे वाचला नाही. पोटात मूल असलेली ही अविवाहित शिक्षिका दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकी कुठे जाणार होती?

नाटकात तिच्यापुढे दोनच वाटा दिसतात. एक, मुलाला नाव देणारा कुणीतरी पुरुष गाठायचा. प्राध्यापक दामले पाय काढून घेतो तेव्हा ती इतरांना लग्नाचे विचारून पाहते आणि तेच लोक साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ते विचारणे तिच्याविरुद्ध वापरतात. दुसरी वाट तिच्या पर्समध्ये आहे, टिक-ट्वेंटीची बाटली. नाव नाहीतर विष. शेवटी काशीकर निकाल देतो तो असा, की बाईने जगावे, गर्भ मात्र नष्ट करावा. ज्या खटल्याची सुरुवात भ्रूणहत्येच्या आरोपाने झाली त्याचा शेवट भ्रूणहत्येच्या हुकमाने होतो. समीक्षकांनी याला उपरोध म्हटले. मला तो उपरोध वाटत नाही, ते वास्तवच आहे. त्या कोर्टाला गर्भपाताचे वावडे नाही आणि मुलाचेही नाही. त्याला वावडे आहे ते बाईने स्वतः ठरवण्याचे. बेणारेला ते मूल हवे आहे, ही गोष्ट त्या सभागृहात कुणाच्या खिजगणतीतही नाही. ती आपले लांबलचक स्वगत म्हणते तेव्हा बाकीचे गोठून उभे असतात. ऐकतो तो प्रेक्षक, आणि प्रेक्षक निकाल बदलू शकत नाही.

इथे एक तपशील ध्यानात घेतला पाहिजे. १९६७ साली भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ प्रमाणे, जीव वाचवण्याचे कारण सोडले तर, गर्भपात करणारा आणि तो करून घेणारी बाई असे दोघेही गुन्हेगार होते. पण शांतिलाल शहा समिती १९६४ सालीच नेमली गेली होती आणि नाटक रंगमंचावर आले तेव्हा तिचा अहवाल सरकारच्या हातात पडलेला होता. कायदा झाला १९७१ मध्ये, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. म्हणजे ज्या काळात हा प्रश्न दिल्लीत फायलीवर चालला होता त्याच काळात मराठी रंगभूमीने तो उचलला, आणि उचलला तो नीतीचा प्रश्न म्हणून. दवाखान्याचा, कागदाचा, पैशाचा प्रश्न म्हणून तो दिसलाच नाही. पांढरपेशा लेखकाला अब्रू आधी दिसते.

आता आपल्याकडे वळू. आपले तरी काय वेगळे झाले?

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले आणि आम्हा वाचणाऱ्यांची झोप उडाली. मी तेव्हा नुकतीच तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवू लागले होते. बापाचे नाव काय, या एका प्रश्नावर शाळेचा दाखला, जात, लग्न, अख्खे माणूसपण अडते, हे त्या पुस्तकाने जसे दाखवले तसे त्याआधी कुणी दाखवले नव्हते. ते पुस्तक मोठे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडायचे आहे.

आईने हा गर्भ का वाढू दिला, असा जळजळीत प्रश्न लेखक स्वतःच विचारतो. मुलाने हा प्रश्न विचारावा यात त्याची वेदना आहे, तिला मी हात लावत नाही. पण पुस्तकात हा प्रश्न मुलाचा राहतो, आईचा होत नाही. मसामाईला कधी कळले? कोणाला सांगितले? दिवस मोजले का? कुण्या सुईणीच्या दारात जाऊन परत आली का? नकोसे होते की हवेसे होते, की या दोन शब्दांत मावणारच नाही असे काही होते? लेखकाचा जन्म १९५६ चा. त्या साली मसामाईला कायद्याची वाट नव्हती, पाटलाशी भांडायची ताकद नव्हती, नवरा तुटलेला होता आणि जातपंचायत पाठीशी नव्हती, उलट तिनेच मोडले होते. 'का वाढू दिला' या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर आधी 'न वाढू देण्याची सोय कुठे होती' हे विचारावे लागते. ते आमच्या समीक्षेने विचारले नाही. आम्ही मसामाईचे पोट पाटलाच्या अत्याचाराचा पुरावा म्हणून पुढे केले. पुरावा बोलत नसतो. तो दाखवायचा असतो.

हे मी परक्याच्या अंगणात उभी राहून म्हणत नाही. मीही त्या काळात असेच लेख लिहिले. शोषण, विद्रोह, नकार हे शब्द माझ्याही लेखणीला सवयीचे झाले होते, आणि त्या शब्दांत बाईच्या पाळीच्या तारखेला जागा नव्हती. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातली बाळंतपणे लिहिली, कोवळ्या पोरींच्या यातना आणि बाळंतिणीच्या पोटातली भूक लिहिली, तेव्हा ती जागा थोडी उघडली. आम्ही त्या पानांना 'दाहक वास्तव' म्हणून पुढे सरकलो.

गंमत अशी, की आपल्या परंपरेत हा प्रश्न नीट विचारला गेला होता. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. त्यात आलेल्या बाया बहुतेक ब्राह्मण विधवा होत्या आणि माळ्याच्या घराने त्यांना दार उघडले, हेही सांगतो, थोडे छाती फुगवून. पण त्या गृहाच्या जाहिरातीतला मुख्य मुद्दा आपण विसरतो. बाईने गुप्तपणे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यायचे की तिथे ठेवायचे हे तिच्या खुशीवर राहील, असे त्यात होते. खुशीवर! ज्या विधवेला केस ठेवायची मुभा नव्हती तिच्या खुशीची भाषा. तिथेच एका विधवेला झालेले मूल या दांपत्याने दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. सुटका, संगोपन, दत्तक असे तिन्ही धागे एका घरात होते आणि कुणाची नीती तपासली जात नव्हती.

बाबासाहेबांचेही तसेच. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'साठी खटला झाला तेव्हा वकीलपत्र त्यांनी घेतले. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेल्या भाषणात मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असले पाहिजे असा स्पष्ट मुद्दा आहे. ठराव पडला. चळवळीने पुढे तो फारसा उचलला नाही.

या लेखाचे निमित्त मात्र एक विद्यार्थिनी आहे. २०१६ साली मी ही दोन्ही पुस्तके एकाच सत्रात शिकवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी, वसतिगृहात राहणारी, उसतोड कामगारांच्या घरातली, तिने विचारले, "बाई, बेणारेबाईंनी नंतर काय केलं?" नाटक तिथे संपते, असे परीक्षेला चालणारे उत्तर मी दिले. दोन आठवड्यांनी ती आपल्या आत्याला घेऊन रात्री माझ्या घरी आली. आत्या दारातच म्हणाली, "म्याडम, माझी अक्कल चालंना. पोरीचे आईबाप कोयत्यावर गेल्यात. तुमीच काय ते बगा." मुलगी एकोणीस वर्षांची. दोन महिने होत आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका दवाखान्यात गेलो. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी नाव, आडनाव, गाव विचारले, आडनावावर जरा थांबल्या, मग म्हणाल्या, नवऱ्याची सही आणा. नवरा नाही म्हटल्यावर बापाची आणा. भिंतीवर स्त्रीभ्रूणहत्या महापाप असे मोठे भित्तिपत्रक होते. मुलीने ते वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मुलींना गर्भातच मारू नका, हे सांगण्यासाठी सरकारने उचललेला तो शब्द बरोबर काशीकरांच्या कोर्टातलाच होता. गर्भाचे लिंग तपासून मुलगी पाडणे हा गुन्हा आणि नको असलेली गर्भधारणा कायद्याच्या चौकटीत थांबवणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दाने अशा चिकटवल्या आहेत, की खिडकीपाशी उभी असलेली मुलगी आपोआप आरोपी होते.

वास्तविक १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी होती. नवऱ्याची सही लागत नाही, बापाची लागत नाही. अठराच्या आतली मुलगी असेल तर पालकाची संमती लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. तीस वर्षे बेणारेचे स्वगत शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला हे माहीत नव्हते, याची लाज अजून जात नाही.

पुढे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी मला बाहेर बसवले आणि मुलीशी एकटीशी बोलल्या. नंतर मुलीनेच मला सांगितले. गर्भ ठेवायचा नसेल तर दिवस कमी असल्याने गोळ्यांनी होईल, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मेडिकलमधून गुपचूप आणून नव्हे. मूल जन्माला घालून सांभाळायचे असेल तर बापाचे नाव सांगायची सक्ती नाही, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला एकटीला पालक मानले आहे. आणि सांभाळता येणार नसेल तर बालकल्याण समितीपुढे मूल सोपवता येते. फेरविचाराला साठ दिवस मिळतात, नाव गुप्त राहते. पेटीत, उकिरड्यावर ठेवायची गरज नाही. एवढे बोलणे वीस मिनिटांचे झाले असेल. जोतीरावांच्या जाहिरातीनंतर दीडशेवर वर्षांनी मी ते 'तुझ्या खुशीवर' पुन्हा ऐकले.

कायदा आता आणखी सैल झाला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, काही प्रकारांत दोघांच्या मताने चोवीसपर्यंत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहितेलाही या चोवीस आठवड्यांत घेतले. तरी मूळ गुन्हा कायम आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये बसला, एवढेच. हक्क म्हणून नव्हे, अपवाद म्हणून हे मिळते, आणि अपवाद मागायला शहाणपण, एसटीचे भाडे आणि एक दिवसाचा खाडा लागतो. फडात खाडा झाला की मुकादम कापून घेतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचे नाव बापाच्या आधी येते. शाळेच्या दाखल्यापाशी अडलेल्या अक्करमाशी मुलाला हे चाळीस वर्षे उशिरा आलेले उत्तर म्हणता येईल. मसामाईला ते नाही. तिचे म्हणणे तिच्या तोंडून अजून यायचे आहे. मुलांनी, नातवांनी, समीक्षकांनी कितीही कळवळून लिहिले तरी ती जागा भरत नाही.

त्या मुलीने काय ठरवले हे मी इथे लिहिणार नाही. वाचकांना उत्सुकता असेल, मलाही लिहिताना मोह झाला, पण निकाल ऐकायची ही सवयच आपल्याला त्या कोर्टाने लावली आहे. ती परीक्षेला बसली, पास झाली. सत्र संपताना माझी 'अक्करमाशी'ची प्रत परत करून गेली. मसामाईच्या उल्लेखांपाशी तिने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या, आणि एका ठिकाणी समासात लिहिले होते, "ही कधी बोलते?" निवृत्त होईपर्यंत मी पुढच्या वर्गांना तीच प्रत देत राहिले.