रुमाल आणि तसबीर : देवलांच्या दोन नाटकांतला संशय

गोविंद बल्लाळ देवल आपल्या बेळगावात शिकले आणि अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना शिक्षक लाभले, ही गोष्ट इथे पुष्कळांना ठाऊक असते. पण याच देवलांनी संशय हा एकच विषय दोन टोकांनी हाताळला, याकडे फारसं लक्ष जात नाही.

शेक्सपियरचं 'ऑथेल्लो' मराठीत प्रथम आणलं महादेवशास्त्री कोल्हटकरांनी, 1867 साली. ते भाषांतर होतं. देवलांनी 1890 मध्ये त्याचं 'झुंझारराव' केलं. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव. पुढे 1893 मध्ये 'फाल्गुनराव' आलं आणि 1916 साली त्याचंच संगीत रूप, 'संशयकल्लोळ'.

ऑथेल्लो कानाचा हलका, म्हणून फसला, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. मूळ नाटकात इयागो थापा मारतो खरा, पण त्याचं जास्त धारदार हत्यार सत्य हेच आहे. बापाला फसवून डेस्डिमोनाने लग्न केलं, हे तो आठवून देतो. ते खोटं कुठे आहे? एमिलिया सापडलेला रुमाल नवऱ्याला देते, ती काही कटात नसते. आणि रुमाल हरवलेला असताना डेस्डिमोना घाबरून 'हरवला नाही' म्हणते. एवढ्याशा खोट्याने तिचा घात होतो. इयागो स्वतःही मत्सराने जळतोय. हुद्दा कॅसिओला मिळाला, हे त्याचं शल्य.

आता 'संशयकल्लोळ' बघा. इथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. फाल्गुनरावाला बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर दिसते. नवरा परक्या बाईला सावरताना कृत्तिकेने पाहिलेलं असतं. पुरावा तितकाच पोकळ, जळफळाट तितकाच. तरी आपण पोट धरून हसतो. का बरं? एक तर इथे कान भरणारा जाधवराव नाही. दुसरं म्हणजे ही माणसं संशय पोटात ठेवत नाहीत. भांडतात, ओरडतात, शेवटी समोरासमोर येतात आणि गाठी सुटतात. ऑथेल्लो मात्र कॅसिओला तोंडावर एकदाही विचारत नाही. विचारतो तेव्हा डेस्डिमोना गेलेली असते.

म्हणून ही दोन नाटकं जोडीनेच वाचावीत. 'झुंझारराव' आज रंगभूमीवर क्वचितच दिसतं, 'संशयकल्लोळ' अजून रंगतं. पण त्या हसण्याखाली केवढी खोल विहीर आहे, हे पहिलं वाचल्याशिवाय कळत नाही.