नाव कोणी ठेवायचे?

मागल्या वर्षी थोरल्या भावाला घेऊन एका दवाखान्यात गेलो. जिंतूर तालुक्यातले आमचे गाव. बारा वर्षांपासून दादाला कानात आवाज ऐकू येतात. डॉक्टरांनी मला 'सर, बसा' म्हटले आणि त्याच्याकडे न पाहताच विचारले, "हा झोपतो का?" मी उत्तर देऊ लागलो. दादा म्हणाला, "सायेब, मी हितंच हाव. मला इचारा." त्या क्षणी मला लाज वाटली ती डॉक्टरांची नव्हे, दादाची. दलित साहित्य शिकवणाऱ्या माणसाने हे आधी कबूल केलेले बरे.

'वेडा' शब्द वाईट, तो बदला, एवढ्यावर आपल्याकडची चर्चा थांबते. १९१२ च्या कायद्यात 'ल्युनॅटिक' होता, १९८७ च्या कायद्यात तो 'मानसिक आजारी' झाला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला. २०१६ च्या कायद्यातील अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे, म्हणजे आता दादाही दिव्यांग! मला १९३८ आठवते. मुंबई विधिमंडळात कायद्याने आपल्याला 'हरिजन' ठरवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. शब्द गोडच होता. पण तो आपल्याला विचारून ठेवलेला नव्हता, आणि त्याने पाणवठा खुला होत नव्हता.

या दृष्टीने २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अधिक प्रामाणिक वाटतो. आजार आहे एवढ्यावरून माणसाची निर्णयशक्ती तो नाकारत नाही. कोणते उपचार करावेत, कोणते नकोत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा, आपला प्रतिनिधी आपण नेमण्याचा अधिकार देतो. साखळीने बांधण्यास मनाई करतो. मे २०१८ पासून तो लागू आहे. परंतु ऊसतोडीला जाणाऱ्या, चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला हा कागद कोण सांगणार?

आणि आपले साहित्य? सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषच्या मनात आदराने शिरतो, हे मान्यच. पण शेषपाशी राई आहे. ज्याच्यापाशी गुंठाभर जमीन नाही त्याचे भ्रम कोण दाखवणार? मी वाचलेल्या आपल्या आत्मकथनांत भूक बोलते, मार बोलतो. वस्तीतली 'येडी' मात्र कडेने निघून जाते. तिच्याविषयी आपण लिहितो आणि तिला बोलू देत नाही. सवर्ण लेखकावर आपला हाच आक्षेप होता ना?

परवा वही घेऊन दादासमोर बसलो. तुझं काय म्हणणं आहे ते सांग, लिहितो, म्हणालो. बराच वेळ तो गप्प होता. मग तीन गोष्टी सांगितल्या. बांधू नका. गोळी बदलली तर आदी मला सांगा. ताट येगळं ठिवू नका.

पहिल्या दोन दवाखान्यासाठी होत्या. त्याचे ताट आमच्या घरात बारा वर्षे वेगळे आहे.